डावीकडून

जुन्या छायाचित्रांच्या कपाटापाशी काम करणारा माणूस फोटो हातात घेतला की आधी उलटा करतो. समोरची बाजू नंतर. मागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव असतं, तारखेचा शिक्का असतो, कधी टंकलिखित कागदाची पट्टी चिकटवलेली असते. हे असलं तर फोटो कामाचा. पाठ कोरी असेल, तर समोरचा चेहरा कितीही बोलका असो, त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो. अशा कोऱ्या पाठीच्या फोटोंची एक आख्खी पेटी मी पाहिली आहे. भाषण करणारे, रडणारे, शर्यत जिंकलेले, पुराच्या पाण्यातून बाहेर काढलेले लोक. कोण, कुठले, कधीचे, कुणालाच सांगता येत नव्हतं. पेटीवर कुणीतरी ठळक अक्षरात ‘अनोळखी’ असं लिहून ठेवलं होतं. त्या शब्दाचा मला फार त्रास झाला. त्यांना कुणी नाव विचारलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

फोटोखाली जे छापतात त्याला आम्ही वृत्तपत्रातले लोक फोटोओळ म्हणतो, घाईत नुसतं ‘ओळ’. ‘ओळ आली का?’, ‘ओळ वाढतेय, काप’, ‘ओळीत तारीख नाही.’ पानावरचा हा बहुधा शेवटी लिहिला जाणारा मजकूर. बातमी लागलेली असते, मथळा ठरलेला असतो, पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरलेली असतात आणि फोटोखालची जागा रिकामी असते. मग डेस्कवरच्या सगळ्यात नव्या मुलाला हाक जाते. मीही तशीच हाक ऐकून या कामाला लागलो. इतक्या वर्षांनंतर हा क्रम मला पूर्ण उलटा वाटतो. वाचक पान उघडतो, चित्र बघतो, चित्राखाली नजर टाकतो. बातमीकडे तो वळेलच असं नाही. कित्येकांच्या दृष्टीने त्या दिवशी काय घडलं ते त्या दोन ओळींत घडलेलं असतं.

पहिल्या महिन्यातली एक संध्याकाळ आठवते. इमारतीला लागलेल्या आगीचा फोटो होता. मी लिहिलं, ‘आग विझवताना अग्निशमन दलाचे जवान.’ आमच्या वरिष्ठ उपसंपादकांनी कागद घेतला, फोटोवर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘ओळ वाच.’ मी वाचली. मग हात उचलून त्यांनी ओळीवर ठेवला. ‘आता फोटो वाच.’ दोन्हीकडे तेच होतं. ते रागावले नाहीत. शिडीवरच्या माणसावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘हा वर चाललाय की खाली येतोय?’

मी फोटोकडे बघत राहिलो. शिडीच्या मध्यावर एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. सांगता येईना. छायाचित्रकाराला फोन केला. तो म्हणाला, उतरत होता, आत कुणी राहिलं नाही याची खात्री करून. त्या एका उत्तरासरशी फोटो माझ्या डोळ्यांसमोर बदलला. तोवर मला त्यात धोका दिसत होता, आता सुटका दिसू लागली. चित्र तेच. फोटोने पकडलेल्या क्षणाला मागचापुढचा काळ नसतो. तो ओळीने द्यायचा असतो. हे मला कुणी वर्गात शिकवलं असतं तर कदाचित लक्षात राहिलं नसतं.

माझ्या त्या पहिल्या ओळीतलं ‘विझवताना’ हे रूप मात्र पुढे बराच काळ माझ्या मानेवर बसून होतं. मराठी फोटोओळींना या ‘ताना’ची सवयच आहे. उद्घाटन करताना, मार्गदर्शन करताना, पाहणी करताना, अश्रू पुसताना. वृत्तपत्र उघडून मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरायची नाहीत. त्याची सोय मला कळते. वाक्य पूर्ण करावं लागत नाही, काळ ठरवावा लागत नाही, जागा वाचते. पण ‘आग विझवताना’ असं लिहिलं की आग विझली की नाही हे ठाऊक नसलं तरी चालतं. ‘जवानांनी आग पहाटे आटोक्यात आणली’ असं लिहायचं तर ते आधी कुणाला तरी विचारावं लागतं. पूर्ण क्रियापद लिहिणाऱ्याला माहिती काढायला भाग पाडतं. ‘ताना’ त्याला सोडून देतं. म्हणून नव्या मुलांना मी सांगतो, आधी वाक्य पूर्ण कर, मग जागा नसेल तर काप. कापताना काय गाळतोयस ते तरी कळेल.

वृत्तसंस्थांनी यावर फार पूर्वी साधा उपाय काढला. असोसिएटेड प्रेसच्या पद्धतीत ओळ साधारण दोन वाक्यांची. पहिल्यात कोण, काय करतंय, कुठे, कुठल्या तारखेला, आणि तेही वर्तमानकाळात, कारण फोटोतला क्षण बघणाऱ्यापुढे आत्ता घडत असतो. दुसऱ्यात मागची हकीकत, भूतकाळात. याच संस्थेने 1 जानेवारी 1935 रोजी तारेने फोटो पाठवायला सुरुवात केली. तेव्हा टंकलिखित ओळ फोटोलाच चिकटवत आणि दोन्ही मिळून यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर गुंडाळत. चित्र आणि ओळ एकाच तारेतून, एकाच वेळी पलीकडे उमटत. मला हे दृश्य फार आवडतं. आज ओळ फाइलच्या पोटातल्या रकान्यात भरतात. सोय मोठी आहे, पण कुणी स्क्रीनशॉट काढला की रकाना मागे राहतो आणि चित्र एकटं फिरायला निघतं. कोऱ्या पाठीचं.

आता ज्या चुकीमुळे हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

एका बचावकार्यात मदत केलेल्या पाच जणांचा फोटो होता. एका रांगेत उभे, हात मागे बांधलेले, थकलेले. बातमीदाराने वहीतून पाच नावं वाचून दाखवली, मी उतरवून घेतली आणि वर ‘डावीकडून’ असं लिहिलं. पान गेलं. नावं बरोबर होती, शुद्धलेखन बरोबर होतं. मी समाधानाने घरी गेलो. बातमीदाराने ती नावं त्यांच्यातल्याच एकाकडून घेतली होती, आणि त्याने ती सांगितली होती आपल्या डावीकडून. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची डावी बाजू ही बघणाऱ्याची उजवी असते. पाचही नावं उलट्या क्रमाने छापली गेली. फक्त मधल्याचं बरोबर आलं, कारण मधला दोन्हीकडून मधलाच.

कुणाचा फोन आला नाही. लाजेने म्हणा, ‘जाऊ दे’ म्हणून म्हणा, कुणी काही बोललं नाही. फोटो माझ्या ओळीसकट संग्रहात गेला. तीन वर्षांनी त्या पाचांतल्या एकाचं निधन झालं. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने नावाने शोध घेतला, फोटो सापडला, ओळ वाचली, डावीकडून दुसरा चेहरा कापून निधनवार्तेत लावला. त्याने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. तो चेहरा उजवीकडून दुसऱ्याचं नाव मिरवत होता, आणि त्याचा मालक हयात होता.

सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. त्यांचे वडील समोरच बसले होते आणि घरी एकेक नातेवाईक विचारत होता. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हे नाव यांच्या फोटोखाली पहिल्यांदा कुणी लिहिलं?’ मी म्हणालो, ‘मी.’ थोडा वेळ दोन्हीकडे शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘आणि जे गेले, त्यांच्या घरच्यांना आज काय वाटलं असेल?’ दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली, बारीक अक्षरात, फोटोविना. ज्या चुकीत चेहरा होता तिची दुरुस्ती चेहऱ्याशिवाय कशी होणार? तेव्हा मला हे मांडता आलं नाही. आज असं झालं तर मी फोटोसकट दुरुस्तीचा आग्रह धरतो, जागेवरून वाद घालतो, आणि तो वाद मला योग्य वाटतो.

त्यानंतर काही दिवस मी जगभरच्या चुकलेल्या ओळी वाचत होतो. दिलासा शोधत असेन. त्यात एक गोष्ट अशी सापडली की ती आता माझ्याबरोबरच राहते. 23 फेब्रुवारी 1945 रोजी असोसिएटेड प्रेसच्या जो रोझेन्थल यांनी दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर ध्वज उभारणाऱ्या सहा अमेरिकी सैनिकांचा फोटो काढला. क्षण इतका झटकन गेला की नावं घ्यायला सवडच मिळाली नाही. शिवाय चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. पाठी, हेल्मेटं, वर उचललेले हात. नावं नंतर लष्कराने ठरवली. सहापैकी तिघे त्याच लढाईत मेले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती.

टेक्ससमध्ये त्या तिघांपैकी हार्लन ब्लॉकच्या आईने तो फोटो पाहिला आणि दांड्याच्या बुडाशी वाकलेली आकृती आपल्या मुलाची आहे असं सांगितलं. चेहरा दिसत नव्हता. आईने पाठीवरून ओळखलं. तिथे अधिकृत नाव हेन्री हॅन्सनचं होतं, त्यामुळे तिचं कुणी मनावर घेतलं नाही. फोटोतल्या हयात सैनिकांपैकी आयरा हेज 1946 साली वाटेत मिळेल त्या गाडीने ब्लॉकच्या वडिलांकडे गेला आणि तो तुमचाच मुलगा आहे, असं त्याने सांगितलं. 1947 मध्ये नाव बदललं. मग 2016 मध्ये कळलं की जॉन ब्रॅडली त्या फोटोत नव्हताच, सहांत हॅरल्ड शुल्ट्झ होता. अभ्यासकांनी शुल्ट्झला ओळखलं ते हेल्मेटच्या लोंबणाऱ्या पट्ट्यासारख्या खुणांवरून. शुल्ट्झ 1995 मध्ये वारला होता आणि हयातभर त्याने याचा जाहीर उच्चार केला नव्हता. 2019 मध्ये तिसरं नाव बदललं: रेने गॅनन नव्हे, हॅरल्ड केलर. सहा नावांची एक ओळ पूर्ण बरोबर व्हायला 74 वर्षं लागली. हा फोटो टपाल तिकिटावर आला, त्यावरून भव्य शिल्प उभं राहिलं. तिकीट आणि शिल्प दोन्ही निघाली तेव्हा खालची ओळ चुकलेली होती.

रोझेन्थल यांना मी दोष देत नाही. गोळ्या चालू असलेल्या बेटावर नाव विचारत फिरणं हे खुर्चीत बसून सुचवणं सोपं आहे. पण जिथे विचारणं शक्य होतं तिथलं काय?

मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँग यांनी वाटाण्याच्या शेतावरच्या एका मजूर आईचा फोटो काढला. दोन मुलं तिच्या खांद्यात तोंड खुपसून, तिची नजर दूर, बोटं गालाशी. अमेरिकेतल्या मंदीचा चेहरा म्हणून तो जगभर गेला. खालच्या ओळीत एवढंच होतं की ती हलाखीतली वाटाणे तोडणारी मजूर आहे, वय 32, सात मुलांची आई. नाव नव्हतं. लँग यांनी पुढे स्वतःच सांगितलं की आपण तिचं नाव विचारलं नाही. खाण्यासाठी तिने गाडीचे टायर नुकतेच विकले होते, असंही त्यांनी लिहिलं. कुटुंबाने ते खोटं ठरवलं. विकायला टायर होतेच कुठे, असं त्यांचं म्हणणं. मला याचं विशेष वाईट वाटतं, कारण लँग निष्काळजी नव्हत्या. लोकांचे शब्द जसेच्या तसे टिपून, शेताची, मजुरीची तपशीलवार नोंद करून लांबलचक ओळी लिहिण्यात त्यांच्या तोडीचे फार थोडे झाले. त्या एका दिवशी, घाईत, प्रश्न राहून गेला.

1978 मध्ये एका स्थानिक वृत्तपत्रातून ती बाई कोण ते कळलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. 42 वर्षं ती स्वतःचा चेहरा पुस्तकांत, भिंतींवर पाहत होती. त्या फोटोने तिला पैसा मिळाला नाही, आणि तो काढला नसता तर बरं झालं असतं असं ती म्हणाली. 1983 मध्ये ती आजारी पडल्यावर मुलांनी मदतीचं आवाहन केलं, तेव्हा अनोळखी लोकांनी 35,000 डॉलरहून जास्त रक्कम पाठवली. एवढी वर्षं लोक त्या चेहऱ्यापुढे हळहळत होते, पण पत्र पाठवायचं तर कुणाच्या नावाने पाठवणार होते?

नावानंतर मी क्रियापदाला घाबरतो. 2005 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये छातीइतक्या पाण्यातून सामान घेऊन जाणाऱ्यांचे दोन फोटो दोन वेगवेगळ्या वृत्तसंस्थांकडून आले. एकात कृष्णवर्णीय तरुण होता. ओळीत लिहिलं होतं की तो दुकान ‘लुटून’ चालला आहे. दुसऱ्यात गोऱ्या वर्णाचं जोडपं. त्यांना दुकानातून पाव आणि पेय ‘सापडलं’ होतं. कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवले आणि गदारोळ उठला. दोन्ही छायाचित्रकारांकडे आपापलं कारण होतं. एकाने तरुणाला दुकानात शिरून वस्तू उचलताना पाहिलं होतं, दुसऱ्याने वस्तू पाण्यावर तरंगत बाहेर येताना पाहिल्या होत्या. असेल तसं. पण ते पाहिलेलं त्यांच्या डोळ्यांत राहिलं आणि ओळीत फक्त निवाडा उतरला. ‘दुकानात शिरून सामान घेतलेला’ असं लिहिलं असतं तर जे पाहिलं तेवढंच वाचकापर्यंत गेलं असतं. ‘लुटणं’ या शब्दात न्यायाधीश बसलेला आहे. मोर्चातला जमाव ‘चाल करून गेला’ की ‘पुढे सरकला’, पोलिसांनी माणसाला ‘बाजूला केलं’ की ‘फरफटत नेलं’, हे ठरवताना मी आता छायाचित्रकाराला एकच विचारतो: तू काय पाहिलंस? काय वाटलं ते नंतर.

विशेषणांबद्दल थोडक्यात. ‘शोकाकुल’, ‘हताश’, ‘चिंतातुर’, ‘विचारमग्न’ हे शब्द मी खोडतो. डोळ्यांत पाणी असेल तर वाचकाला ते दिसतं. आणि माणूस खिडकीबाहेर बघत असेल तर तो विचारमग्नच आहे हे मला कुणी सांगितलं?

काही फोटो असे असतात की ओळ नीट लिहिलेली असूनही वाचक तिथे थांबत नाही. मार्च 1993 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये केविन कार्टर यांचा सुदानमधला फोटो आला: भुकेने कोसळलेलं लहान मूल आणि मागे गिधाड. अन्नकेंद्राच्या वाटेवर एक लहान मुलगी कोसळली, जवळच गिधाड वाट बघत होतं, अशी ओळ होती. पुढे तिचं काय झालं, असं विचारणाऱ्या वाचकांची रीघ लागली. काही दिवसांनी संपादकांना वेगळी टीप छापावी लागली: गिधाडाला हुसकावल्यावर ती पुन्हा चालू लागण्याइतकी सावरली, केंद्रापर्यंत पोहोचली की नाही ते कळलेलं नाही. हा प्रश्न वाचकाच्या मनात येणार हे ओळ लिहिणाऱ्याला आधी सुचायला हवं होतं. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ हेही ओळीत लिहिता येतं, आणि माझ्या मते लिहावंच. पुढे 2011 मध्ये एका स्पॅनिश दैनिकाचा वार्ताहर त्या गावी पोहोचला. वडिलांनी सांगितलं, ती मुलगी नव्हती, मुलगा होता. उपासमारीतून तो वाचला होता आणि काही वर्षांनी तापाने गेला. ओळीतला ‘मुलगी’ हा शब्द 18 वर्षं चुकीचा होता.

सगळी नावं छापायचीच असतात असं नाही. लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती, गुन्ह्यात सापडलेलं मूल, जीव मुठीत घेऊन बोलणारा साक्षीदार, यांचं नाव रोखणं हेच काम. पण रोखण्यासाठीही आधी ते ठाऊक असावं लागतं. ‘माहीत आहे म्हणून गाळलं’ आणि ‘विचारलंच नाही’ यांत माझ्या लेखी फार अंतर आहे, छापल्यावर ते दिसत नसलं तरी.

आणि एक शब्द मला आजही झोपू देत नाही: ‘प्रातिनिधिक छायाचित्र’. आजाराची बातमी आहे, फोटो नाही. संग्रहातून रुग्णालयाच्या रांगेतला एखादा चेहरा काढायचा आणि खाली हे दोन शब्द टाकायचे. बेकारीच्या बातमीला कुणीतरी पायरीवर बसलेला तरुण, व्यसनाच्या बातमीला कुणाची तरी पाठमोरी बायको-मुलं. तो चेहरा कुणाचाही प्रतिनिधी व्हायला उभा राहिलेला नसतो. त्या दिवशी तो वडिलांची औषधं आणायला आलेला असतो. शेजारी, नातेवाईक, कामावरचे लोक फोटो बघतात. बारीक अक्षरातले ते दोन शब्द कोण वाचतं? ‘संग्रहित’ हा शब्द त्या मानाने प्रामाणिक, पण त्याच्यापुढे वर्ष नसेल तर तोही अर्धाच. मी आता ओळखू येणारा चेहरा या कामाला देत नाही. रिकामी खुर्ची चालते, हात चालतात, फोटोच नसला तरी चालतं.

त्या पाच जणांच्या फोटोचं सांगायचं राहिलं. दुरुस्ती छापून आल्यावर आठवड्याने माझ्या लक्षात आलं की संग्रहातली नोंद अजून तशीच आहे. पुढच्या वेळी पुन्हा कुणी नावाने शोधेल आणि पुन्हा तोच चेहरा कापला जाईल. मी हयात असलेल्या चौघांना एकेक करून भेटलो. प्रत्येकापुढे फोटो ठेवला आणि बोट ठेवून दाखवायला सांगितलं, तोंडी सांगायला नव्हे. जे गेले त्यांच्यावर चौघांचं बोट एकाच जागी पडलं. मुलीचा फोन आला होता ते वडीलही त्यांत होते. ते म्हणाले, ‘त्या रात्री आम्ही एकमेकांची नावं पहाटे विचारली. तोपर्यंत नुसतं “दोर धर”, “दोर सोड” चाललेलं.’

कार्यालयात परत येऊन नोंद उघडली. ‘डावीकडून’ खोडून ‘बघणाऱ्याच्या डावीकडून’ असं केलं. चार नावं बदलली. मधलं तसंच ठेवलं. दोराबद्दलचं वाक्य ओळीत घेतलं, कारण ते फोटोत दिसत नव्हतं. शेवटी कंसात दुरुस्तीची तारीख घातली आणि तिच्यापुढे माझं नाव.